आज पाणी कुठून आलंय? ठाण्याहून रॅफ्टिंगला निघण्याआधी नदी वाचायला शिका

कोलाडला कुंडलिका नदीवर रॅफ्टिंगला निघालेल्या ग्रुपचे प्रश्न ठरलेले असतात. माणशी किती? नाश्ता-जेवण त्यातच का? फोटो कोण काढणार? नदीबद्दल विचारतात ते एवढंच, "ग्रेड किती?", म्हणजे नदी किती अवघड. समोरून "दोन ते तीन" असं आलं की सगळे निर्धास्त आणि व्हॉट्सॲपवर पैसे गोळा करायला सुरुवात.

एवढ्या उत्तरावर ज्यांचं समाधान होत नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. मग त्यांना कुंडलिकेवर पहिल्यांदा बसायचं असो, कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी निमुळती बोट, शिकून पुढे हृषीकेश किंवा झंस्कार गाठायचं असो. ग्रेडचा आकडा नदीला कायमचा चिकटलेला नसतो. तो पाण्यासोबत बदलतो आणि पाणी तासातासाला बदलू शकतं. म्हणून ग्रेडच्या आधी हे विचारायचं की आज नदीत जे पाणी आहे ते कुठून आलंय. धरणाचं, पावसाचं की बर्फाचं? तेवढं कळलं की पुढच्या दोन-तीन तासांत नदी कशी वागेल याचा निम्मा अंदाज आलाच म्हणून समजा.

पायरी १ : पाण्याचा मूळ पत्ता शोधा

आपल्या भागातल्या माणसाची पहिली खळाळती नदी बहुधा कुंडलिकाच असते. सह्याद्रीतून कोकणात उतरणाऱ्या बहुतेक नद्या दिवाळीनंतर आटायला लागतात, कुंडलिका मात्र मे महिन्यातही सकाळी भरून वाहते. कारण ते पाणी मुळशीचं. मुळा नदीवर टाटांनी मुळशीला धरण बांधलं, तिथलं पाणी डोंगरातून पलीकडे काढून मोठ्या पाइपांमधून सुमारे ५०० मीटर खाली, कोकणात भिऱ्याच्या वीजघरात आणलं. १९२७ पासून तिथे वीज तयार होते. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला आणि पांडुरंग महादेव बापट 'सेनापती बापट' झाले ते याच लढ्यात. एरवी भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं ते पाणी आता रोह्यावरून अरबी समुद्राला मिळतं. आपल्या रविवारच्या मौजेखाली कोणाची तरी बुडालेली शेतं आहेत, हे ठाऊक असलेलं बरं.

वीज तयार करून झालेलं हे पाणी रवाळज्याच्या बंधाऱ्याखाली नदीत सुटतं आणि साजे गावाजवळून रॅफ्ट सुटतात. पाणी साधारण सकाळीच सोडतात. १२ ते १४ किलोमीटरचा पट्टा, दीड ते अडीच तासांचा प्रवास.

पाणी यायच्या आधी पोहोचलात तर काठावर जरा थांबून बघा. पात्रात गोटे उघडे पडलेले असतात, मधूनमधून डबकी, एखादी म्हैस निवांत बसलेली. मग वरच्या अंगाने आवाज बदलतो. पाण्याचा पहिला ओठ येतो तो पुराच्या लाटेसारखा नसतो. पालापाचोळा आणि फेस पुढे ढकलत तो दगडांच्या फटींमधून सरकत येतो. दहा-पंधरा मिनिटांत मघाशी ज्या दगडावर बसून चहा प्यायलो तो दिसेनासा होतो. धरणाच्या खालच्या नदीत पाय बुडवून बसू नये असं का म्हणतात, ते हे एकदा पाहिलं की वेगळं सांगावं लागत नाही.

धरणाच्या पाण्याचा गुण असा की ते वेळेवर येतं आणि बरंचसं एकसारखं राहतं. दोष असा की ते वेळेवर जातंही. सोडलेलं पाणी नदीतून लांबट फुगवट्यासारखं पुढे सरकतं आणि रॅफ्टने त्या फुगवट्यातच राहायचं असतं. फार पुढे गेलात तर पाणी पोहोचायचंय, फार मागे रेंगाळलात तर शेवटच्या पट्ट्यात खाली उतरून रॅफ्ट ओढत न्यावी लागते. गाईड फोटोसाठी थांबू देत नाही तेव्हा त्याच्यावर वैतागू नका.

पायरी २ : आकडे समजून घ्या, पण थोडेच

पावसाळ्यात बातम्यांमध्ये 'इतक्या हजार क्युसेकने विसर्ग' असं येतं. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. म्हणजे १,००० क्युसेकला दर सेकंदाला २८ टन पाणी तुमच्यासमोरून जातं. काही ठिकाणी क्युमेकमध्ये सांगतात, एक क्युमेक म्हणजे सुमारे ३५ क्युसेक. याहून महत्त्वाची गोष्ट वेगाची आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावर येणारा जोर चौपट होतो. त्यामुळे "काल होतं त्यापेक्षा थोडंच जास्त आहे" हे वाक्य जरा जपून घ्यावं.

ग्रेड १ ते ६ अशा असतात. एक म्हणजे हलती धार. दोनमध्ये सोप्या लाटा आणि सरळ वाट. तीनमध्ये वळणं घ्यावी लागतात, लाटा अंगावर येतात, पण चुकलं तरी बहुधा सावरता येतं. चारपासून नेमकी वाट पकडता आली पाहिजे. पाच म्हणजे चूक झाली तर जिवाशी गाठ, आणि सहा जवळपास अशक्य. नेहमीच्या विसर्गाला कुंडलिका दोन-तीनमध्ये बसते. पण तोच रॅपिड, म्हणजे खळाळत्या धारेचा पट्टा, पाणी वाढल्यावर कधी सोपा होतो, कारण खडक खोल बुडतात, आणि कधी एकदम वरच्या ग्रेडला जातो, कारण मघाशी वेगवेगळे असलेले दोन रॅपिड आता एकमेकांना जोडले जातात आणि मधे श्वास घ्यायला जागाच उरत नाही.

पायरी ३ : घरून निघायचं की नाही

हा निर्णय आदल्या रात्री आणि पहाटे असा दोनदा घ्यायचा. पावसाळ्यात कुंडलिकेत धरणाच्या पाण्यावर ताम्हिणीच्या डोंगरातलं पाणी येऊन मिळतं आणि ते कोणाच्या वेळापत्रकाने येत नाही. त्यामुळे फक्त कोलाडचं हवामान बघून भागत नाही. ठाण्यात ऊन पडलंय म्हणून तर नाहीच नाही. बघायचं ते वर, घाटमाथ्यावर. हवामान खात्याची कुलाबा आणि वेरावली इथली रडार आहेत, त्यांची चित्रं फोनवर दिसतात. घाटाच्या रेषेवर गडद पट्टा ठाण मांडून बसला असेल तर समजून घ्या.

चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामान खातं त्याला जोरदार म्हणतं, ११५.६ च्या वर अति जोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. रायगडला किंवा पुणे घाटमाथ्याला ऑरेंज अलर्ट असेल तर माझं मत सरळ आहे, जाऊ नका. आगाऊ भरलेले पैसे परत मिळतील की नाही याचा विचार बुकिंग करताना करायचा, अलर्ट आल्यावर नाही. 'पावसामुळे रद्द झालं तर काय?' हे फोनवर न विचारता लिहून मागावं.

सह्याद्रीतून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. वर पडलेलं पाणी खाली यायला दिवस लागत नाहीत, तास लागतात. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजाराच्या आसपास प्रवाशांना बाहेर काढायला बोटी आणाव्या लागल्या. ती हीच उल्हास, जिच्या काठी आपण एरवी फार्महाऊसवर वीकेंड घालवतो. काळू, भातसा, बारवीचंही तेच. या नद्या पावसाळ्यात खळाळताना बघून हौशी लोकांना हवेची ट्यूब घेऊन उतरावंसं वाटतं. उतरू नये. तिथे ना ओळखीचा गाईड असतो, ना खाली दोरी घेऊन उभा माणूस, आणि पात्रात काटेरी कुंपणापासून बंधाऱ्यापर्यंत काय काय असेल सांगता येत नाही.

पायरी ४ : तयारी ठाण्यातच करा

पोहता येत नसेल तरी लाइफ जॅकेट घालून रॅफ्टमध्ये बसता येतं, हे खरं. पण पाण्यात चेहरा बुडाला की घाबरणाऱ्या माणसाला नदीत जो धसका बसतो तो तरणतलावात आधी घालवता येतो. महापालिकेच्या किंवा सोसायटीच्या तलावात दोन गोष्टींचा सराव करा. एक, पाठीवर पडून पाय पुढे, बोटं पाण्याबाहेर, गुडघे किंचित वाकलेले. दुसरं, पालथं होऊन पूर्ण जोर लावून तिरकं पोहणं. पहिली पद्धत वाहून जाताना अंग वाचवायची, दुसरी काठ गाठायची. बहुतेकांना पहिली माहीत असते, आणि मग ते काठ हाताशी आला तरी पाठीवर पडून आकाश बघत पुढे वाहून जातात.

थ्रो बॅग, म्हणजे पिशवीत भरलेली १५ ते २० मीटरची तरंगणारी दोरी, फेकायला मैदान पुरतं. मित्राला चालत जायला सांगा आणि त्याच्या खांद्यावरून पलीकडे पडेल अशी फेका. फेकायच्या आधी मोठ्याने 'दोरी!' ओरडायचं, म्हणजे तो बघेल. पकडणाऱ्याने पिशवी न धरता दोरी धरायची, खांद्यावरून छातीशी घ्यायची आणि पाठीवर वळायचं. दोरी मनगटाला कधीही गुंडाळायची नाही. फेकणाऱ्याने लगेच खाली बसून टाचा रोवायच्या, नाहीतर तोच ओढला जातो.

कयाक शिकायची असेल तर उलटल्यावर बोटीतून बाहेर पडणं आणि रोल, म्हणजे आत बसूनच उलटलेली कयाक सरळ करणं, हे दोन्ही तलावातच शिका. ठाण्याची खाडी त्यासाठी कामाची नाही. तिथे ओढ आहे ती भरती-ओहोटीची, आणि ओहोटीला चिखलात रुतून बसायची हमी. नदीवर कयाक नेताना कमीत कमी तीन जण हवेत, म्हणजे एक अडकला तर एक त्याच्याजवळ आणि एक मदत आणायला.

पायरी ५ : पोहोचणं आणि सामान

ठाण्याहून पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे आणि त्यावर शनिवारी काय होतं तेही. सकाळच्या पाण्याला पोहोचायचं तर पहाटे चारला गाडी सुटलीच पाहिजे. आदल्या रात्री जाऊन राहणं उत्तम, फक्त रात्री 'बसणं' टाळा. उतरलेली नसताना सकाळी नदीत उतरू नये, एवढं स्पष्ट सांगतो.

जॅकेट घातल्यावर सगळे पट्टे आवळा आणि दुसऱ्याला खांद्याजवळ धरून वर ओढायला सांगा. ते कानाशी आलं तर सैल आहे किंवा मोठं आहे, बदलून मागा. हेल्मेट कपाळ झाकेल असं. चष्म्याला मागून नाडी. पायात चप्पल किंवा क्रॉक्स नको, जुने बूट चालतील. जीन्स भिजली की जड होते. अंगठी आणि मंगळसूत्र काठावरच विश्वासाच्या माणसाकडे द्या.

गाईडला विचारायचं ते हे. "दादा, आज पाणी नेहमीपेक्षा जास्त का कमी? वर पाऊस आहे का? सोबत सेफ्टी कयाक आहे का? पाणी वाढलं तर मधे बाहेर कुठे पडता येतं?" चांगला गाईड या प्रश्नांना हसत नाही, सविस्तर उत्तर देतो. "काय नाय होत, बिनधास्त बसा" असं उत्तर आलं तर मी तरी दोनदा विचार करीन.

पायरी ६ : काठावरून नदी वाचा

हा भाग घाईने करू नका. रॅपिडच्या काठाने चालत जाऊन खालून वर बघायचं. वरून लपलेले खड्डे खालून दिसतात.

उताराच्या दिशेला टोक असलेला गुळगुळीत पाण्याचा त्रिकोण दिसला तर ती वाट, दोन अडथळ्यांमधली खोल धार. त्रिकोणाचं टोक वरच्या दिशेला असेल तर टोकाशी पाण्याखाली खडक आहे. एका जागी उभी राहणारी, एकसारखी लाट बहुधा निरुपद्रवी, मजेची. पण जिथे फेस वरच्या दिशेला, उलटा वाहतोय, तिथे होल आहे. पाणी खडकावरून पडून खाली जातं आणि वरचा थर मागे खेचला जातो. त्या फेसाच्या रेघेची दोन्ही टोकं खालच्या अंगाला वळलेली असतील तर होल माणसाला कडेने बाहेर सोडतं. टोकं वरच्या अंगाला वळली असतील तर कडेचंही पाणी मधे ढकलतं, ते टाळायचं.

याचंच सगळ्यात वाईट रूप म्हणजे बंधारा. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ एकसारखं होल, बाहेर पडायला टोकच नाही. वरून तो अगदी साधा दिसतो, आवाजही फार नसतो. डोलवहालचा बंधारा असो, मोहन्याचा असो की बदलापूरचा बॅरेज, पाणी वरून वाहत असताना तिथे पोहणं, बोट घालणं, कठड्यावरून चालणं, काहीच नाही.

खडकाच्या पाठीमागे एडी असते. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी लोंढा अंगावर येतो तेव्हा आपण खांबाआड उभे राहतो ना, तशीच ती जागा. मुख्य धार बाजूने निघून जाते आणि खडकामागचं पाणी हळू उलट फिरतं. थांबायला, पुढचं बघायला, वाहून आलेल्याला उचलायला हीच जागा. धार आणि एडी यांच्या सीमेवर मात्र पाणी दोन दिशांना ओढतं आणि नवशिकी कयाक तिथेच उलटते. ती सीमा तिरकी आणि वेगात ओलांडायची, ओलांडताना वळणाच्या आतल्या बाजूला झुकायचं.

पाण्यात आडवं पडलेलं झाड हा आपल्याकडच्या नद्यांमधला सगळ्यात कमी लेखला जाणारा धोका. पाणी फांद्यांमधून निघून जातं, माणूस अडकतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओळखीच्या नदीतही नवी झाडं आडवी झालेली असतात.

शेवटी काठावर पाण्याच्या रेषेशी एक काडी रोवा किंवा दगड ठेवा. तुमची ब्रीफिंग होईपर्यंत तो बुडाला तर पाणी चढतंय. पाणी एकाएकी गढूळ होणं, ताज्या हिरव्या फांद्या वाहत येणं, दगड घरंगळल्याचा खालून आवाज येणं, यांतलं काहीही दिसलं की काठ सोडून वर जायचं. गाईड न्यायला तयार असला तरी.

पायरी ७ : रॅफ्टमध्ये आणि रॅफ्टबाहेर

पॅडलच्या, म्हणजे वल्ह्याच्या, वरच्या टोकाला इंग्रजी टी अक्षरासारखी मूठ, टी-ग्रिप असते, तिच्यावरून तळवा काढायचा नाही. रॅफ्टमध्ये ओठ फुटतात, दात पडतात ते खडकाने कमी आणि शेजाऱ्याच्या मोकळ्या टी-ग्रिपने जास्त. 'फॉरवर्ड' म्हटलं की लाट अंगावर आली तरी पॅडल मारत राहायचं. पाण्यात रुतलेलं पॅडल हाच तुमचा आधार असतो, आणि सगळे आत दडून बसले की रॅफ्टचा वेग जातो. रॅफ्ट आडवी होऊन खडकाला लागली तर माणसाची पहिली ऊर्मी खडकापासून लांब झुकायची असते. नेमकं उलट करायचं, सगळ्यांनी खडकाच्या बाजूला जायचं. नाहीतर वरच्या अंगाची कड पाण्याखाली जाते आणि रॅफ्ट गुंडाळली जाते.

बाहेर पडलात तर आधी श्वास. लाटेच्या खोलगट भागात श्वास घ्या, माथ्यावर तोंड बंद ठेवा. गुडघ्याच्या वर वेगाचं पाणी असेल तर उभं राहायचा मोह आवरा. दोन दगडांमध्ये पाऊल अडकलं की मागचं पाणी माणसाला पुढे आडवं करतं आणि मग जॅकेटचाही उपयोग होत नाही. आडवं झाड समोर आलं आणि चुकवता येत नसेल, तर पाठीवरून पालथे व्हा, त्याच्याकडे डोकं करून जोरात पोहा आणि अंग फांदीवर वर चढवा. पाय आधी गेले तर ते खाली ओढले जातात.

पायरी ८ : बर्फाच्या नदीला जाताना

कुंडलिका जमली म्हणजे हिमालय जमला असं नव्हे. बियास, झंस्कार या नद्यांना उन्हाळ्यात बर्फाचं पाणी असतं आणि त्याचं घड्याळ उन्हावर चालतं. सकाळी पाणी कमी, दुपारनंतर वाढत जातं. बर्फापासून लांबच्या पट्ट्यात तीच वाढ आणखी उशिरा, संध्याकाळी किंवा रात्री पोहोचते. तंबू पाण्याच्या रेषेपासून बराच वर लावतात तो त्यासाठी. हृषीकेशला पावसाळ्यात, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये रॅफ्टिंग बंद असतं, तर झंस्कारचा हंगाम नेमका तेव्हाच.

दुसरा फरक गारठ्याचा. थंड पाण्यात पडल्यावर पहिलं मिनिट धाप लागते, तेव्हा फक्त श्वास आवरायचा. पुढची दहाएक मिनिटं हातपाय कामाचे असतात, काठ किंवा दोरी तेवढ्यात गाठायची. बोटं आखडली की दोरी दिसत असूनही धरता येत नाही. वेटसूट, म्हणजे अंगाला चिकटून ऊब धरणारा पोशाख, तिथे शोभेसाठी देत नाहीत, घट्ट आहे म्हणून काढून ठेवू नका.

पायरी ९ : घरी आल्यावर

पावसाळ्यातल्या नदीच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. जनावरांच्या, विशेषतः उंदरांच्या लघवीतून तो जंतू पाण्यात येतो आणि खरचटलेल्या कातडीतून शरीरात शिरतो. पायाला जखम असेल तर आधीच डॉक्टरांना विचारा, प्रतिबंधक गोळी द्यायची की नाही ते ठरवतील. परत आल्यावर साबणाने स्वच्छ आंघोळ करा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर 'व्हायरल असेल' म्हणून घरी गोळ्या घेत बसू नका. दवाखान्यात गेल्यावर नदीत उतरलो होतो आणि कोणत्या तारखेला, हे स्वतःहून सांगा, कारण डॉक्टरांना ते विचारायचं सुचेलच असं नाही.